कृष्णाला हाक घालणारा आवाज : नंदू भेंडे आणि मराठी रॉकचे एक हरवलेले पान

१/
गोकुळाष्टमीला आमच्या नाचणगावात घरोघरी कान्होबा बसतो. दुसऱ्या दिवशी गोपालकाला आणि विसर्जन. त्या दोन दिवसांत गल्लीतल्या लाउडस्पीकरवर भजनांच्या मधोमध एक गाणे हमखास लागते : 'कृष्णा धरती पे आजा तू'. 'डिस्को डान्सर', सन १९८२. संगीत बप्पी लाहिरी यांचे, पडद्यावर मिथुन चक्रवर्ती. गायक कोण, असे विचारून पाहा. दहापैकी नऊ जण किशोरकुमारांपासून स्वतः बप्पीदांपर्यंत सर्वांची नावे घेतात. खरे नाव क्वचितच कोणी घेते.

२/
ते नाव नंदू भेंडे. मुंबईत वाढलेला हा मराठी गायक सत्तरच्या दशकात रॉकबँडचा मुख्य गायक होता. अलेक पदमसींच्या रॉक ऑपेरातला तो जूडास आणि पु. ल. देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'चा नायक. एवढे करूनही महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासात त्याच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. हा धागा त्या विस्मरणाच्या कारणांचा शोध घेण्यासाठी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

३/
सुरुवात घरापासून करू. नंदूचे वडील आत्माराम भेंडे, म्हणजे मराठी फार्सचे अध्वर्यू. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे ही जोडी 'झोपी गेलेला जागा झाला', 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' या प्रयोगांमुळे मराठी प्रेक्षकाच्या पिढ्यांना ठाऊक आहे. फार्समध्ये एक क्षण चुकला तर हशा हुकतो. शब्द कोठे टाकावा आणि कोठे रोखावा, याचे शिक्षण त्या घरात जेवणाच्या ताटावरच मिळत असले पाहिजे.

४/
आई आशा भेंडे. त्याही रंगभूमीवरील नामवंत अभिनेत्री आणि त्याचबरोबर लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. माहेरच्या त्या लिली इझिकेल, म्हणजे बेने इस्रायल समाजातल्या. हा समाज कोकणकिनारी शतकानुशतके राहिलेला, मराठी बोलणारा ज्यू समाज. त्यांचे बंधू निसिम इझिकेल हे भारतीय इंग्रजी कवितेतले एक अग्रगण्य नाव. म्हणजे नंदूच्या घरात एका बाजूला मराठी फार्स आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी कविता, अशा दोन्ही भाषा घरच्याच होत्या. पुढच्या कथेत याला महत्त्व आहे.

५/
आता त्या काळाकडे वळू. साठचे दशक. आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताला तुटपुंजा वेळ, म्हणून कान रेडिओ सिलोनकडे लागलेले. परदेशी गिटार आणि अॅम्प्लिफायर आयात-निर्बंधांमुळे जवळजवळ दुर्मीळ. परदेशातून येणारा एखादा नातेवाईक किंवा खलाशी हाच पुरवठादार. एरवी देशी बनावटीच्या गिटारवर भागवावे आणि अॅम्प्लिफायर ओळखीच्या रेडिओ-कारागिराकडून जुळवून घ्यावा, अशी तऱ्हा. अशा साधनांवर मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगलोर या शहरांत 'बीट ग्रूप' उभे राहिले.

६/
त्यांना व्यासपीठ दिले एका सिगारेटच्या जाहिरातीने. 'सिमला' नावाच्या सिगारेटच्या प्रचारासाठी 'सिमला बीट' स्पर्धा भरू लागली आणि देशभरचे तरुण बँड तिच्यात उतरले. या स्पर्धेतून १९७० आणि १९७१ सालच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या पिढीच्या आवाजाचा जो थोडाफार छापील पुरावा आज हाती आहे, त्यात या दोन तबकड्यांचा वाटा मोठा आहे. यावरून बाकीचे किती विरून गेले असेल, याचा अंदाज करता येईल.

७/
याच जगात नंदू भेंडे गाऊ लागला. प्रथम 'वेल्व्हेट फॉग' आणि नंतर 'सॅव्हेज एन्काउंटर' या बँडांशी त्याचे नाव जोडले गेले. कार्यक्रम महाविद्यालयांच्या उत्सवांत, हॉटेलांत, आणि धोबी तलावाजवळच्या रंगभवनसारख्या खुल्या नाट्यगृहांत होत. गाणी बहुतांशी इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रसिद्ध बँडांचीच. आजच्या भाषेत ही सर्व 'कव्हर्स'.

८/
येथे पहिला आक्षेप येतो : दुसऱ्याची गाणी गाणाऱ्याचे कौतुक कशाला? आपल्या परंपरेकडे पाहून त्याचे उत्तर शोधावे. ख्यालगायक दोनशे वर्षांपूर्वीची बंदिश गातो, तेव्हा आपण त्याला नक्कल म्हणत नाही. भीमसेनांनी गायलेली बंदिश त्यांनी रचलेली नसली तरी ते गाणे भीमसेनांचेच असते. शब्द आणि चाल हा सांगाडा, गायकाने त्यात भरलेला जीव वेगळा, हा विवेक मराठी श्रोत्याला शिकवावा लागत नाही. मात्र रॉकच्या बाबतीत आपण तो विसरतो.

९/
आक्षेपात तथ्य नाही असे मात्र नाही. साठच्या दशकापासून रॉकची प्रतिष्ठा स्वरचित गाण्यावर उभी राहिली. बीटल्सनंतर 'आपले गाणे आपण लिहावे' हा जणू त्या कलेचा धर्मच झाला. मुंबईचे बहुतेक बँड त्या कसोटीला उतरले नाहीत. त्यामागे केवळ प्रतिभेचा अभाव होता असे म्हणता येत नाही. हॉटेलचा मालक आणि महाविद्यालयाचा श्रोता, दोघांनाही ओळखीचे गाणे हवे असे. आणि स्वतःचे गाणे रचले तरी ते छापणार कोण, हा प्रश्न होताच. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्यांचे लक्ष चित्रपटसंगीतावर.

१०/
एक प्रसंग या विषमतेवर नेमका प्रकाश टाकतो. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या छोट्याशा डिस्कोथेकमध्ये ते वाजवले-गायले, ही दंतकथेसारखी वाटणारी गोष्ट खरी आहे. त्याच मुक्कामात त्यांनी स्थानिक वादकांना घेऊन आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले.

११/
ती फीत सांभाळली गेली आणि २०१५ साली, तब्बल ४३ वर्षांनी, अधिकृतपणे प्रकाशित झाली. आज कोणीही ती ऐकू शकतो. त्याच वर्षी, त्याच शहरात, आमचे बँड आठवड्यामागून आठवडे गात होते. त्यांच्या बहुसंख्य रात्रींची फीतच झाली नाही, मग ती सांभाळणार कोण? पाहुण्यांचा एक दिवस इतिहासात जमा झाला आणि यजमानांचे दशक केवळ आठवणींच्या भरवशावर राहिले.

१२/
आता १९७४. अलेक पदमसी यांनी मुंबईत 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा इंग्रजीत उभा केला. मूळ कृती अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांची. १९७० साली आधी ध्वनिमुद्रिका निघाली, मग १९७१ मध्ये ती ब्रॉडवेच्या रंगमंचावर आली. तीनच वर्षांनी ती मुंबईत झाली. येशूच्या भूमिकेत मधुकर चंद्र दास हा तरुण रॉकगायक, आणि जूडासच्या भूमिकेत नंदू भेंडे.

१३/
जूडास म्हणजे विश्वासघातकी शिष्य, एवढीच आपली समजूत असते. या ऑपेरात मात्र त्याचे स्थान वेगळे आहे. पहिले गाणे त्याचे, आणि शेवटाकडे मरणानंतर परत येऊन प्रश्न विचारणारे गाणेही त्याचेच. आपला गुरू माणूस आहे, लोक त्याला देव करू पाहत आहेत आणि यातून अनर्थ होणार, ही भीती त्याला आरंभापासून छळते. संपूर्ण नाट्याला प्रश्नाचे रूप येते ते त्याच्यामुळे. तो आवाज कोसळला तर ऑपेरा कोसळतो.

१४/
गायक म्हणून ही भूमिका अत्यंत खडतर आहे. तारसप्तकात ओरडल्यासारखे गायचे, पण स्वर सोडायचा नाही. रागात असताना शब्द तुटता कामा नयेत, कारण कथा शब्दांतूनच पुढे जाते. शिवाय या ऑपेरात पाच आणि सात मात्रांच्या वजनाची गाणी आहेत. झपताल आणि रूपक ऐकलेल्या कानाला ती वजने परकी नसतात, पण चार मात्रांच्या रॉकवर वाढलेल्या गायकाची तेथे परीक्षा होते. रॉकचा गळा, नटाची शिस्त आणि निर्दोष इंग्रजी हे तिन्ही एका माणसात लागत होते. भेंड्यांच्या घरात ते होते.

१५/
या टप्प्यावर नंदू भेंडे थांबला असता तर तो दक्षिण मुंबईच्या इंग्रजी वर्तुळातला एक गुणी कलावंत म्हणून उरला असता. पण चार वर्षांनी त्याने जे केले, त्यामुळे तो आपल्या सर्वांचा होतो. त्यासाठी थोडे मागे, पार अठराव्या शतकात जावे लागेल.

१६/
१७२८ साली लंडनमध्ये जॉन गे याचा 'बेगर्स ऑपेरा' रंगमंचावर आला. चोर, दलाल, लाचखाऊ तुरुंगाधिकारी ही त्यातली पात्रे, आणि चाली रस्त्यावरच्या लोकप्रिय गाण्यांच्या. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, बर्लिनला बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्यावरून 'थ्री पेनी ऑपेरा' रचला. आणि त्याला पन्नास वर्षे होत असताना, १९७८ साली, पु. ल. देशपांड्यांनी तो मराठीत आणला : 'तीन पैशाचा तमाशा'. निर्मिती पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीची, दिग्दर्शक जब्बार पटेल.

१७/
पुलंनी येथे केवळ भाषांतर केले नाही. लंडनच्या गल्लीतले संगीत जसे लंडनचे, बर्लिनच्या कॅबरेतले जसे बर्लिनचे, तसे या तमाशाचे संगीत आपल्या शहरांचे असायला हवे होते. सत्तरच्या दशकातल्या आपल्या शहराच्या कानावर काय पडत होते? लावणी, नाट्यपद, चित्रपटगीत, आणि त्याच रस्त्यावरच्या एखाद्या खिडकीतून पॉप आणि रॉक. हे सर्व ऐवज एकाच नाटकात शेजारी शेजारी बसले. गण-गवळणीच्या चौकटीत इलेक्ट्रिक वाद्यांना जागा मिळाली.

१८/
आता नायक अंकुश कोणी करायचा? ब्रेख्तचा मॅकहीथ म्हणजे सभ्य पोशाखातला गुंड. त्याच्यात मोहकता हवी आणि दहशतही. मराठी अंकुशला रॉकच्या अंगाने गाता यायला हवे होते, मराठी शुद्ध आणि सहज हवे होते, आणि रंगमंचावर प्रेक्षकाशी थेट बोलण्याची हिंमत हवी होती. मराठी संगीत रंगभूमीवर उत्तम गायकनट होते, पण त्यांचा गळा नाट्यपदाचा. मुंबईत उत्तम रॉकगायक होते, पण त्यांतल्या बहुतेकांचे मराठी कामापुरते. दोन्ही निकषांवर उतरणारा माणूस म्हणजे नंदू भेंडे.

१९/
मराठीत रॉक गाणे ही तांत्रिकदृष्ट्याही नवी गोष्ट होती. रॉकचा गायक ओळीच्या शेवटी मोकळा स्वर धरून त्यावर जोर काढतो. मराठीचे पुष्कळसे शब्द आकारान्त, ईकारान्त, म्हणून ते त्या कामाला सोयीचे. अडचण येते ती मधल्या 'ळ', 'ण' आणि जोडाक्षरांची. ती गिळली तर शब्द कळत नाही, आणि सुटी सुटी उच्चारली तर गाण्याचा वेग मोडतो. हा पेच नाट्यशिक्षणाशिवाय सुटत नाही. आत्माराम आणि आशा भेंडे यांच्या मुलाकडे ते शिक्षण जन्मापासूनचे होते.

२०/
मराठीतल्या रॉकचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याचा आरंभ बहुधा नव्वदीनंतरच्या बँडांपासून केला जातो. मला तो १९७८ च्या या रंगमंचावरून करावासा वाटतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज, मराठी शब्द आणि प्रेक्षागृहातला सामान्य मराठी माणूस हे तिघे तेथे एकत्र आले होते. तिकीट काढून पुलंचे नाटक पाहायला आलेल्या कुटुंबाने, आपण रॉक ऐकत आहोत याची जाणीव नसतानाही, रॉक ऐकले आणि त्याला दाद दिली.

२१/
मग हे विस्मरण का? एक कारण नोंदीच्या पद्धतीत आहे. रॉकचा इतिहास लिहिणारे बँड मोजतात, त्यामुळे मराठी नाटक त्यांच्या यादीबाहेर राहते. नाटकाचा इतिहास लिहिणारे नाटककार आणि दिग्दर्शक मोजतात, म्हणून तेथे नंदू 'भूमिका' या रकान्यात एक नाव होतो. चित्रपटसंगीताचा इतिहास गाण्यांची संख्या मोजतो, आणि तेथे त्याची संख्या नगण्य ठरते. तीन खातेवह्यांत थोडे थोडे जमा होत गेले, पण एकूण बेरीज कोणीच मांडली नाही.

२२/
दुसरे कारण माध्यमाचे. नाटकाचा प्रयोग रोज रात्री संपतो. रॉकची मैफलही तशीच. टिकते ती फक्त फीत. नंदू भेंडे यांच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम काम अशा दोन माध्यमांत झाले जी स्वभावतःच क्षणजीवी आहेत. आणि घरोघरी पोहोचले ते एक चित्रपटगीत, जेथे श्रोत्याच्या डोळ्यांपुढे चेहरा मिथुनचा आणि जिभेवर नाव बप्पी लाहिरींचे.

२३/
त्या गाण्याचीही एक गंमत आहे. त्याची चाल इंडोनेशियन-डच बँड 'टीलमन ब्रदर्स' यांच्या 'जीझस' या गाण्याशी स्पष्ट मिळतीजुळती आहे. १९७४ मध्ये जूडास होऊन येशूला जाब विचारणारा गायक १९८२ मध्ये येशूच्याच चालीवर कृष्णाला पृथ्वीवर बोलावतो. आई ज्यू, वडील हिंदू. हाक त्याची खरी वाटते यात नवल नाही. पुढच्या वेळी ते गाणे लागेल तेव्हा डिस्कोचा ठेका क्षणभर बाजूला ठेवून वरच्या पट्टीतला तो आवाज ऐका. तो पार्श्वगायकाचा घोटीव आवाज नाही, रंगमंचाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची सवय असलेला आवाज आहे.

२४/
पुढे काळ बदलला. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' उभा राहिला. त्याने स्वरचित इंग्रजी गाण्यांचा आग्रह धरला आणि १९८८ मध्ये 'रॉक एन रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. कॅसेटमुळे छापणे स्वस्त झाले होते, मग दूरचित्रवाणीवर संगीतवाहिन्या आल्या. या बँडला ('इंडस क्रीड' हे त्याचे नंतरचे नाव) जे श्रेय मिळाले ते रास्तच आहे. पण त्यांच्यासमोरचा श्रोता कोणी घडवला होता? रंगभवनच्या दगडी पायऱ्यांवर बसून रॉक ऐकण्याची सवय आधीच्या पिढीने लावली होती.

२५/
नंदू भेंडे यांचे एप्रिल २०१४ मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, आत्माराम भेंडेही गेले; मुलाच्या पाठोपाठ वडील. योगायोगाने २०१४ सालीच सिद्धार्थ भाटिया यांचे 'इंडिया सायकेडेलिक' हे त्या रॉकपिढीवरचे पुस्तक आले. नंदू यांनी स्वतःही मुंबईच्या रॉकच्या आठवणी इंटरनेटवर लिहून ठेवल्या. आपल्यामागे फीत उरणार नाही, निदान शब्द उरावेत, अशी जाण त्यामागे असावी.

२६/
नाचणगावात बसून मुंबईच्या रॉकगायकाची उठाठेव का, असा प्रश्न मला एका ज्येष्ठ स्नेह्यांनी केला. पुलगाव स्टेशनावरून मुंबईची गाडी जाते एवढाच तर आपला त्या शहराशी संबंध! मी त्यांना उलट विचारले : काका, तुमच्या लहानपणी खडी गंमत करणारे जे शाहीर गावात येत, त्यांतल्या सर्वांत गोड गळ्याच्या शाहिराचे नाव काय? ते बराच वेळ आठवत राहिले. आवाज आठवला, डफ आठवला, फेट्याचा रंगसुद्धा आठवला. नाव आठवले नाही.

२७/
म्हणून ही उठाठेव. गंमतीचा शाहीर असो, दंडारीतला सोंगाड्या असो वा रंगभवनचा रॉकगायक, ज्यांची कला छापली गेली नाही त्यांचे मोल आपण छापलेल्यांच्या तुलनेत ठरवतो, आणि मग त्यांना दुय्यम म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्यांच्या पदरी कमी आलेली गोष्ट गुणवत्ता नसून नोंद आहे. या दोहोंत फरक करणे हे इतिहास वाचणाऱ्याचे पहिले काम.

२८/
आपल्यापैकी कोणी, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांनी, 'तीन पैशाचा तमाशा'चा प्रयोग नंदू भेंडे यांच्यासह पाहिला असेल, रंगभवनला 'सॅव्हेज एन्काउंटर' ऐकला असेल, तर कृपया खाली लिहा. गाव, अंदाजे साल आणि जे आठवते ते. एखादे जुने तिकीट, कार्यक्रमपत्रिका किंवा छायाचित्र असेल तर अवश्य जोडा. तसेच आपल्या गावातल्या शाहिराचे नाव आठवत असेल, तर तेही लिहा.

२९/
आणि येत्या गोपालकाल्याला तुमच्या गल्लीत ते गाणे लागले, तर शेजारी उभ्या असलेल्या मुलाला एवढेच सांगा : 'हे नंदू भेंडे गात आहेत.'

लेखनसीमा. धागा समाप्त.